सहाजणी, तरी एकट्याच

रजेच्या अर्जावर एक रकाना असतो, 'रजेचे कारण'. गेल्या जुलैत मी त्या रकान्यात लिहिलं, 'मैत्रिणींबरोबर नाणेघाट चढायला जायचे आहे.' आमच्याकडे अर्ज ज्यांच्याकडे जातो त्या ताई वयानं आणि कामानं माझ्याहून खूप मोठ्या. हुंडाबळीच्या केसेससाठी रात्र रात्र पोलीस चौकीत बसलेल्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, 'घरगुती कारण' लिही ना. रेकॉर्डला बरं दिसतं."

घरातून दोन दिवस बाहेर पडायचं, आणि लिहायचं काय, तर घरगुती कारण!

ताईंचा मला राग आला नाही. त्यांनी आयुष्यभर बायकांना घराबाहेर काढायचंच काम केलंय. पण बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात त्यांनी एक कारण दिलंय : शिक्षण, नोकरी, मोर्चा, कोर्टाची तारीख. कारण नसताना बाहेर पडलेली बाई त्यांच्याही डोळ्यांपुढे कधी आली नसावी. आणि खरं सांगायचं तर माझ्याही फार उशिरा आली.

महिन्याच्या बैठकीत मात्र विषय तापला. एक कार्यकर्ती म्हणाली, "ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातायत आणि आपण ट्रेक करायचे? हे मध्यमवर्गीय चोचले आहेत." बैठकीत शांतता पसरली. हे वाक्य लागतं, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. मी त्या वेळी गप्प बसले. उत्तर मला घाटात सापडलं असं म्हणणार नाही, तसं काही होत नसतं. पण त्या दोन दिवसांत जे पाहिलं त्यानं उत्तर द्यायला भाग पाडलं, म्हणून हा लेख.

आम्ही सहाजणी होतो. एक महापालिकेच्या दवाखान्यातली नर्स, एक डोंबिवलीची शिक्षिका, एक बँकेत, एक नुकतीच घटस्फोट घेतलेली वकील, मी, आणि एक घरकामगार संघटनेतली मैत्रीण. कल्याणला चार घरची धुणीभांडी, स्वयंपाक करते, आणि मोर्चात घोषणा देताना तिचा आवाज सगळ्यात पुढे असतो. माहेर तिचं जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातलं, घाटमाथ्यावरचं. बेत असा होता की शनिवारी कल्याण-माळशेज रस्त्यावरून, वैशाखऱ्याच्या बाजूनं नाणेघाट चढायचा, रात्री वर घाटघरला मुक्काम करायचा आणि रविवारी पठारावरून ढाकोब्याच्या अंगानं आंबोलीला जाऊन दाऱ्या घाटानं खाली उतरायचं. एका घाटानं वर, दुसऱ्या घाटानं खाली. पावसाळ्यात किती वर्षं पुरुषमंडळी हे करत आलीत. शुक्रवारी रात्री पाठीला सॅक लावायची की झालं.

आमचा शुक्रवार कसा गेला ते मी विचारून ठेवलंय. नर्सनं दोन दिवसांची भाजी चिरून डब्यात भरली, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवली, सासूच्या गोळ्या सकाळच्या-रात्रीच्या अशा चिठ्ठ्या लावून वेगळ्या केल्या. शिक्षिकेनं मुलाचा प्रकल्प रात्री बारापर्यंत पूर्ण केला. बँकेतल्या मैत्रिणीनं नवऱ्याला गॅस कुठून बंद होतो ते दाखवलं. लग्नाला अकरा वर्षं झालीत. घरकामगार मैत्रिणीनं शुक्रवारी चारही घरी दुप्पट काम केलं, दोन दिवसांचे कपडे एकदम धुतले. वकीलबाई तेवढी एकटी रात्री दहाला झोपली. त्यावरून सकाळी तिला आम्ही जे टोमणे मारले, त्यात निम्मा हेवाच होता.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत आहे की घरातल्या सदस्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि असं काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. बाई दोन दिवस बाहेर गेली तरी ही मिनिटं कमी होत नाहीत. आदल्या रात्री आगाऊ भरावी लागतात.

एस.टी.त बसलो. १७ मार्च २०२३पासून राज्यात बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं आहे. कंडक्टरनं सहा अर्धी तिकिटं फाडली तसे मागच्या सीटवरचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, मुद्दाम आम्हाला ऐकू येईल असं, "सरकारनं अर्धं तिकीट केलं आणि बायका उठल्या गावभर फिरायला." आमची घरकामगार मैत्रीण मागं वळून म्हणाली, "मग काय काका, तिकीट काय घरी बसून बघायला काढायचं?"

बस हसली. काकाही हसले. पण त्यांचं वाक्य साधं नाही, ते मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. बाई माहेरी गेली, दवाखान्यात गेली, कुलदैवताला गेली तर सवलत सत्कारणी लागली. ती नुसतीच फिरली तर सरकारी पैसा वाया गेला. पुरुष कुठल्या कारणानं बसमध्ये बसलाय हे कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

घाटाच्या पायथ्याला उतरलो तेव्हा रिपरिप चालू होती. निघण्याआधी वाट खुली आहे ना, याची चौकशी केली होती. फाट्यावर चहाच्या टपरीवाल्यानं सहा कप मोजून दिले आणि विचारलं, "एकट्याच आलात?"

सहाजणी, तरी एकट्याच! पुढे वाटेत हा प्रश्न आम्हाला आणखी चार वेळा विचारला गेला. एकदा तर वीस-बावीस वर्षांच्या एका पोरानं विचारला, जो खरोखरच एकटा आला होता. मराठीत 'एकटी' या शब्दाचा अर्थ संख्येवर ठरत नाही, पुरुषावर ठरतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं नाही. टपरीवाल्यानं तर काळजीनं सांगितलं की वरच्या टप्प्यात दगड निसरडे आहेत, आणि पैसे घेताना सुटे नव्हते म्हणून एका चहाचे सोडले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना एक प्रश्न असतो : बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीनं जायची तुम्हाला मुभा आहे का? २०१९-२१च्या पाहणीत या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मुभा देशातल्या फक्त ४२ टक्के बायकांना होती. आकडा तर बोचतोच, पण प्रश्नातला 'मुभा' हा शब्दही बघा. सरकारच गृहीत धरतं की मुभा देणारं कुणीतरी आहे. आणि याच पाहणीप्रमाणे लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. म्हणजे ज्या घरात ती सुरक्षित राहावी म्हणून तिला डोंगरावर जाऊ द्यायचं नाही, तिथली ही गोष्ट. आमच्या समुपदेशन केंद्रात गेल्या नऊ वर्षांत मी जितक्या बायकांचे जबाब लिहून घेतले, त्यांत डोंगरावर मार खाल्लेली एकही नव्हती.

डोंगरात धोका नाही असं मी म्हणत नाही. आहे. पावसाळ्यात तर आहेच आहे. पण तो धोका दगडाचा, पाण्याचा, धुक्याचा. तो समजून घेता येतो, टाळता येतो, प्रसंगी त्याला मान देऊन परत फिरता येतं. घरातल्या धोक्यापुढून परत कुठं फिरायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

नाणेघाटाची वाट सुरुवातीला झाडीतून जाते. मग चढ अंगावर येतो आणि पुढे जुन्या फरसबंदीच्या, खोदलेल्या पायऱ्या लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं वर जुन्नरला जायचा. आमची घरकामगार मैत्रीण सगळ्यात पुढे होती. पायात साधी प्लास्टिकची चप्पल, अंगावर साडी, ओचा वर खोचलेला. आम्ही पाचजणी बूट, रेनकोट, ट्रॅकपँट घालून मागे धापा टाकत. निम्म्या वाटेवर ती एका सपाट दगडावर थांबली. आम्ही पोचलो तेव्हा तिचे दोन्ही हात डोक्यावर होते. काहीतरी चाचपत असल्यासारखे.

"काय झालं गं?"

"काही नाही. मोकळं मोकळं लागतंय."

मग बोलली. तिची आजी हिरडा गोळा करायची, भात पिकवायची. बाजाराच्या दिवशी डोक्यावर तांदळाचं ओझं घेऊन घाट उतरायची, खालून मीठ आणि सुकट घेऊन चढायची. पहाटे निघायचं, रात्री परत. आई तसंच करायची. ही सात वर्षांची झाल्यापासून आईबरोबर, डोक्यावर लहानसं गाठोडं. लग्नानंतर माहेरी येतानाही कधी मोकळी आली नाही, कडेवर मूल आणि डोक्यावर पिशवी. "या घाटात मी डोक्यावर काही नसताना पहिल्यांदा चढतीये. म्हणून हात वर जातायत सारखे."

शिक्षिकेनं विचारलं, "मग तुला हे ट्रेक वगैरे हसू येत असेल."

"हसू कशाला? माझ्या आजीला कुणी म्हणालं असतं का, की म्हातारे, आज नुसती चढ, वर जाऊन बस आणि पाणी बघ?"

बैठकीत ज्या शब्दाला मी उत्तर देऊ शकले नव्हते, तो 'चोचले' हा शब्द मला तिथं आठवला. बाईच्या जातीनं डोंगर तुडवले नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. सह्याद्रीतल्या घाटवाटा पाणी, सरपण, हिरडा, भाताची रोपं वाहणाऱ्या बायकांच्याच पायांखाली रुळल्या आहेत. पण आज गडकिल्ल्यांच्या पुस्तकांत या वाटांचा 'शोध' लागल्याचं वाचायला मिळतं. शोध लागला तो पाठीवर सॅक घेतलेल्यांना. डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्या बाईच्या चालण्याला कुणी भटकंती म्हटलं नाही, आणि तिनं तरी कसं म्हणावं? ओझं उतरल्याशिवाय भटकंती सुरू होत नाही. तेव्हा चोचले कुणाचे, हा प्रश्न डोंगर कोण चढलं यानं सुटत नाही. ओझं कुणाच्या डोक्यावर राहिलं, ते बघावं लागतं.

वर पोचलो. शनिवार असल्यानं गर्दी होती. नाणेघाटातला तो उलटा धबधबा पाहायला आता गाड्या भरभरून येतात. खालून वारा असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी वर फेकलं जातं आणि माथ्यावर उभ्या असलेल्यांना भिजवतं. दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे. दहा मिनिटं आम्ही तोंड उघडं टाकून उभ्या होतो. मग मागून आठ-दहा पोरांचं टोळकं आलं. हातात बाटल्या, खांद्यावर स्पीकर. एकानं नर्सकडे बघून गाणं बदललं. आम्ही न ठरवता जवळ सरकलो आणि त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. वकीलबाईंनी मोबाईल काढून शांतपणे त्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. टोळकं पुढे गेलं. पण त्या दहा मिनिटांचा सहज गेला तो गेलाच.

गुहेत शिलालेख आहे. ब्राह्मी लिपीतला, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. यज्ञ किती केले, दक्षिणा म्हणून गायी, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले याची मोठी यादी. भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वरची नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. त्या नावांत तिचंही नाव आहे. मला शाळेत हे सांगताना बाई अभिमानानं फुलून यायच्या : बघा, आपल्याकडे राणीचा लेख! लेखाचं भाषांतर मी नंतर वाचलं. त्यात ती महिनाभराचा उपास करणारी, घरात तापसीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी असल्याचं कोरलंय. दगडावर नाव कोरून घ्यायची सत्ता असलेल्या बाईलाही चारित्र्याचा दाखला सोबत कोरावा लागला. आणि घाटाच्या तोंडावरच्या कड्याला लोक म्हणतात 'नानाचा अंगठा'. कुणा नानानं घाट बांधला अशी दंतकथा आहे. लेख आहे नागनिकेचा, अंगठा मात्र नानाचा! पलीकडे जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. ती जकात ज्या ओझ्यांवर बसली ती ओझी वर वाहून आणणाऱ्यांचं नाव ना लेखात, ना दंतकथेत. त्यामुळे नागनिका आपली आद्य भगिनी वगैरे म्हणून तिच्या नावानं पुरस्कार सुरू करायची मला घाई नाही.

इथे बंदीबद्दल लिहायला हवं. ३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक धबधब्यांवर, धरणांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. तेव्हापासून पावसाळा आला की आदेश येतात आणि गिर्यारोहक मंडळी खवळून उठतात. डोंगर आमचा आहे, बंदी हा उपाय नाही, मार्गदर्शक नेमा, माहिती द्या, काही बेजबाबदारांमुळे सगळ्यांना कोंडू नका. शब्द न् शब्द पटतो. मला फक्त एवढं विचारायचंय की हेच बंधू संध्याकाळी सातनंतर मुलगी बाहेर निघाली की कोणतं कलम लावतात? काही बेजबाबदारांमुळे सगळ्यांना कोंडायचं, हा तर आमच्या घराघरांतला बारमाही आदेश आहे. त्यांना तो दोन महिने लागू झाला आणि गुदमरायला झालं. आमचं कलम कुणा जिल्हाधिकाऱ्याच्या सहीनं निघत नाही, म्हणून त्याविरुद्ध अर्जही कुठे करता येत नाही.

घाटघरला आमच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या एका मावशींकडे उतरलो. शेणानं सारवलेली पडवी, आत चूल, बाहेर धो धो पाऊस. मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या, वरण, मिरचीचा ठेचा केला. आम्ही मदतीला उठलो तर म्हणाल्या, "बसा, दमलायसा." त्या स्वतः दिवसभर आवणीच्या चिखलात वाकून आलेल्या होत्या. रात्री दहाला त्यांनी भांडी घासली, पहाटे चारला चूल पेटवली. आम्ही माणशी ठरलेले पैसे दिले, वर थोडे जास्त दिले. पण त्यानं हिशेब पुरा होत नाही. आमची दोन दिवसांची सुटी मावशींच्या जादा कामावर उभी होती. ही गोष्ट जी ट्रेक-मंडळं 'गावरान जेवण समाविष्ट' असं छापून निकालात काढतात, ती आपण तरी तशी काढू नये.

रात्री बोलणं निघालं. नाणेघाट त्यांच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मावशी शनिवार-रविवार तिथं मक्याची कणसं भाजून विकतात. मी विचारलं, "धबधबा बघायला कधी गेलात?" त्यांना प्रश्नच कळेना. "रोजच दिसतो की." "नाही, नुसतं बसायला?" त्या हसल्या. "बसायला कशाला? बसलं तर कणसं कोण विकणार?"

पहाटे पाऊस वाढला होता. दाऱ्या घाटानं उतरायचा बेत आम्ही मावशींना सांगितला तशा त्या चुलीपासून उठूनच आल्या. "आज त्या वाटंला जाऊ नगा. ओढ्याचीच वाट हाय ती. वर पाऊस झाला की ओढा वाट खाऊन टाकतो. मग ना पुढं जाता येत, ना मागं." बँकेतल्या मैत्रिणीनं मोबाईलवर नकाशा काढून ठेवला होता, कुणा ट्रेकरनं आखलेला. त्यात निळ्या रेघेनं वाट अगदी सरळ दिसत होती. आमच्यात थोडी वादावादी झाली. शेवटी घरकामगार मैत्रीण म्हणाली, "ज्यानं रेघ मारली तो मे महिन्यात आला असंल." तेवढ्यावर विषय संपला. आल्या वाटेनं, नाणेघाटानंच उतरायचं ठरलं.

परत फिरलो हे कमीपणाचं वाटून मी ऑफिसात सुरुवातीला सांगायचं टाळत होते. का टाळत होते कोण जाणे. डोंगर 'सर' करायचा, 'फत्ते' करायचा, ही लढाईची भाषा आपणही न कळत उचलतो. आम्ही काही सर केलं नाही. एका जाणत्या बाईचं ऐकलं आणि सहाही जणी धडधाकट घरी आलो.

निघायला वेळ होता म्हणून आम्ही मावशींना म्हटलं, चला, तुमच्या खाचरात आवणीला हात लावतो, मग तुम्ही आमच्याबरोबर तासभर घाटाच्या तोंडाशी येऊन बसा. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी लावलेला भात मला परत लावावा लागंल." आल्या नाहीत.

एक साधी गोष्ट राहिली. लघवीची. शनिवारी सकाळी सहापासून आम्ही पाचजणींनी पाणी मोजून प्यायलं, कारण कल्याणच्या स्टँडपासून पायथ्यापर्यंत धड जागा नाही. डोंगरात मात्र आडोसा भरपूर. मुंबईत २०११पासून 'राइट टू पी'ची मोहीम बायका चालवताहेत, तरी आमच्या नर्सबाईंच्या दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गाच्या बायकांची रांग काही कमी झालेली नाही. घरून निघालेली बाई पाणी पीत नाही, आणि त्याला आपण 'बायकांना सवय असते' म्हणतो.

तर आता त्या बैठकीतल्या वाक्याचं. ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ साली बीड जिल्ह्यातून सगळ्यांसमोर आला तेव्हा आपण सगळ्यांनीच संताप व्यक्त केला. पण त्या बायका गर्भाशय काढायला तयार का झाल्या? पाळीत, दुखण्यात एक दिवस कामाला खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. त्यांना सुटी नव्हती. एका दिवसाची विश्रांती परवडत नाही म्हणून अवयव काढून टाकला गेला. मग विश्रांतीचा, मोकळ्या दिवसाचा प्रश्न हा चोचल्यांचा कसा? तो तर त्या प्रश्नाचा गाभा आहे. माझ्या मैत्रिणीनं तेव्हा दोन वेगळे प्रश्न समोरासमोर उभे केले. ते एकच आहेत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली तेव्हाही मालकांनी तिला चैनच म्हटलं असणार. १८९०च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, त्यात गिरणीतल्या दोन बायाही बोलल्याची नोंद आहे. १० जून १८९०ला रविवारची सुटी मिळाली. त्या दोन बायांना त्या रविवारी काय मिळालं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. गिरणीची सुटी मिळाली असेल, आठवड्याचं धुणं तुंबलं असेल. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आपल्या घरांत रविवार कुणाचा आहे? ज्या दिवशी सगळे घरी असतात त्या दिवशी बाईला जास्त काम असतं, हे सांगायला पाहणी लागत नाही.

मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात मांडलं की शहरात बायकांना उगाच रेंगाळण्याचा हक्क हवा. आपल्या गटांत ते चर्चेला आलं, टिपणं निघाली, आणि कपाटात गेलं. माझ्या मते एक कारण असं की आपण स्वतःच उगाच कुठे जात नाही. आपली सहल 'अभ्याससहल' असते. डोंगरावर गेलो तर 'नेतृत्व विकास शिबिर' असतं. निधी देणाऱ्याला अहवाल द्यायचा असतो, त्यात 'क्षमता बांधणी' लिहावं लागतं. मी स्वतः असे अहवाल लिहिलेत. गावातल्या बचतगटाच्या बायकांना समुद्र दाखवायला नेलं आणि अहवालात लिहिलं, 'मत्स्यव्यवसायाची ओळख'. बायका लाटांत साडी भिजेपर्यंत उभ्या राहून ओरडत होत्या, तो त्या वर्षातला आमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम होता, आणि अहवालात त्याचा एक शब्द नाही.

वारीला लाखो बायका जातात. पंधरा-वीस दिवस घर सोडतात, उघड्यावर झोपतात, फुगड्या घालतात. कुणी विचारत नाही, कारण कारण आहे, विठ्ठल आहे. माझी सख्खी मावशी सात वाऱ्या करून आली. तिला विचारलं तर ती विठ्ठलाबद्दल थोडं आणि वाटेतल्या बायकांबद्दल, पावसाबद्दल, दिवेघाटाबद्दल फार बोलते. तिच्या भक्तीवर मला शंका नाही. पण देव मध्ये न आणता तिला दिवेघाट बघायला मिळाला असता का?

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे की ही मागणी आपण उघडपणे आपल्या पत्रकात घ्यावी. सुरक्षितता मागताना 'कामावर जाणाऱ्या महिलांसाठी' असं जे आपण लिहितो, त्यातली ती अट काढून टाकावी. एस.टी. स्टँडवरची स्वच्छतागृहं, रात्रीच्या गाड्या, डोंगराच्या पायथ्याशी मावशींसारख्यांना मार्गदर्शक म्हणून नेमणं आणि त्याचे रीतसर पैसे देणं, हे सगळं त्यात येतं. आणि सुरुवात करायची तर जिला सुटीच नाही तिच्यापासून करावी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण आठवड्याच्या भरपगारी सुटीचा हक्क त्यानं दिलेला नाही. तो नसेल तर घाट, समुद्र, बाग ही सगळी आमच्यासारख्या पाचजणींचीच मिरास राहील, आणि मग आम्हाला चोचल्यांचं म्हणणारी माझी मैत्रीण बरोबर ठरेल.

आमच्या ताईंनी परवा विचारलं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी एखादा सोपा घाट आहे का? मी आहे म्हणाले.

घरकामगार मैत्रिणीच्या चार घरांपैकी तीन घरांनी काही म्हटलं नाही. चौथ्या घरानं शनिवार-रविवारचे पैसे कापले. त्या घरातली बाई आपल्यातलीच, शिकलेली, नोकरी करणारी, पावसाळ्यात दोनदा तरी लोणावळ्याला जाणारी. आम्ही पाचजणींनी ते पैसे काढून द्यायचं ठरवलं तर मैत्रिणीनं घेतले नाहीत. म्हणाली, "मला ते तुमच्याकडून नकोत, तिच्याकडून पायजेत." तिनं संघटनेच्या बैठकीत महिन्याला चार भरपगारी सुट्यांचा ठराव मांडला आणि त्याच्या अर्जात कारणाचा रकाना ठेवायचा नाही असं सुचवलं. ठराव मंजूर झाला. पैसे अजून मिळालेले नाहीत. पुढच्या रविवारी संघटनेच्या सातजणी त्या घरी जाणार आहेत.